आधी ऐका, मग बर्फ

काय म्हणालात? बर्फ?... नाही नाही, आता लाजू नका, मागितलात ना? चारचौघांत मागितलात, आणि तोही लाल वाइनमध्ये! आता शब्द मागे घ्यायचा नाही. ग्लास ठेवा खाली. अहो, दांडीला धरा, पोटाला काय धरताय, तापलाय का तो? हां. आता ऐका. तुम्हाला सांगते, याच खोलीत, याच टेबलापाशी उभी राहून एवढी वर्षं मी एकच गोष्ट सांगत आलेय, येईल त्याला, जाईल त्याला, खाली टायर बदलायला येऊन चुकून जिना चढलेल्या माणसालासुद्धा, की वाइनमध्ये बर्फ? मी जिवंत असेपर्यंत नाही!

का नाही, ते विचारा. विचारा ना! अहो, एक माणूस डोंगरउतारावर वर्षभर त्या वेलींच्या मागे फिरतो, पाऊस जास्त झाला की त्याची झोप उडते, कमी झाला की भूक उडते, द्राक्षं हाताने खुडतो, रस काढतो, लाकडी पिंपात भरतो आणि मग नुसता वाट बघत बसतो... आणि तुम्ही काय करता? तिच्यात पाणी घालता! गोठलेलं असलं म्हणून काय झालं? दुधात पाणी निघालं तर दूधवाल्याच्या अंगावर धावून जाल, आणि इथे आपल्या हाताने घालून वर म्हणाल, 'अहाहा, काय गार वाटतंय!' गारच वाटायला हवं असेल तर पंख्याखाली बसा. तोही आहे आमच्याकडे. एकच आहे आणि कुरकुरतो, पण आहे.

तर आमचा हा धंदा असा. मी, आमचे हे, आणि ही खोली. लोकांना बोलवायचं, बसवायचं, वाइन कशी प्यायची ते शिकवायचं. बोलायचं काम माझं. खोकी जिन्यावरून वर आणायची, ग्लास धुवायचे आणि मी बोलत असताना मान डोलवायची, हे काम ह्यांचं. खाली टायरचं दुकान, तेच टायरवाले काका आमचे जागामालक. त्यामुळे खोलीला कायम रबराचा वास. सुरुवातीला मी सांगायची, बाबांनो, हा वास खालून येतोय. पण कोण ऐकतंय? आमचे दातांचे डॉक्टर, पहिल्या दिवसापासूनचे गिऱ्हाईक, प्रत्येक वाइन हुंगतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, 'पिकलेलं जांभूळ... ओली माती... आणि मागे कुठेतरी रबर!' आणि मागच्या खुर्च्या म्हणतात, 'वा! रबर! आम्हालाही आलं!'

आणि शिस्त! शिस्त म्हणजे अशी की बघत राहावं. मी चार शब्द शिकवले. बघा, हुंगा, घोळवा, थुंका. हो, थुंका! तोंड वाकडं करू नका. सगळे जाणकार थुंकतात. एका बैठकीत सात-आठ वाइन चाखायच्या असतात, सगळ्या गिळल्या तर शेवटची येईपर्यंत पहिलीचं नाव सोडा, स्वतःचं नाव आठवणार नाही. म्हणून टेबलाच्या मधोमध, पांढऱ्या कापडावर, एक तांब्याचं भांडं. मोठं. देखणं. घासूनपुसून आरशासारखं. घोट घ्यायचा, घोळवायचा, पुढे यायचं, वाकायचं आणि भांड्यात. डॉक्टर तर त्यात पटाईत, जन्मभर दुसऱ्यांना 'थुंका' म्हणत आलेला माणूस, त्यांना इथे येऊन आपला नंबर लागल्याचा केवढा आनंद! आणि निवृत्त मुख्याध्यापिका, त्या तर रुमाल धरून अशा नाजूक थुंकायच्या की मला वाटायचं, झालं, माझ्या शिकवण्याचं चीज झालं.

पण हे सगळं थंडीतलं. उन्हाळा आला की... चिटपाखरू नाही! वरचा पत्रा तापतो, खोलीचा तवा होतो, आणि लाल वाइन अशी कोमट होते की बिस्किट बुडवून खावं. लोक जिन्यापर्यंत येतात, वर बघतात आणि परत जातात. यंदा तर मी, हे आणि डॉक्टर, असे तिघेच. डॉक्टरसुद्धा रबर न शोधता गेले, आता बोला!

मग एके सकाळी टायरवाले काका वर आले. मागे एक बाई. हातात मोजायची टेप. मोठमोठ्याने गाणी लावून लोकांना उड्या मारायला लावतात ना, त्या क्लासवाल्या बाई. काका म्हणाले, 'मॅडम, तुमचं काही वाईट नाही हो, पण रिकामी खोली बघून मला कसंतरी होतं. शनिवारी खोली भरलेली दिसली तर ठेवा. नाही तर पुढच्या महिन्यापासून ह्या बाई.' आणि बाई? बाई थेट कामाला लागल्या! सर्र... टेप ओढली, सर्र... या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. माझ्या देखत! माझ्या पायावरून! मी म्हटलं, 'बाई, अजून मी उभी आहे इथे.' तर म्हणतात, 'थोडं सरकता का, आरसा लावायचाय तिथे.' आरसा! माझ्या वाइनच्या कपाटाच्या जागी!

घरी आले ती तणतणत. सासूबाई आमच्याकडे राहायला आलेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, काकडी सोलता सोलता, आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, 'अगं, उन्हाळ्यात लोकांना गारेगार काहीतरी दे ना. तुझी ती पांढरी वाइन आहे, त्यात फळं चिरून घाल, पुदिना घाल, लिंबू पीळ, वर सोडा आणि भरपूर बर्फ. हल्ली पितात म्हणे सगळे.' भरपूर बर्फ! माझ्या घरात! माझ्या स्वयंपाकघरात! मी म्हटलं, 'आई, तुम्ही मोठ्या आहात म्हणून गप्प बसते, पण वाइनमध्ये बर्फ? मी जिवंत असेपर्यंत नाही!' त्या म्हणाल्या, 'बरं. मग त्या आरशात बघून उड्या मार.'

आणि आमचे हे? हे कोणाकडे बघून मान डोलावत होते माहितेय? आईकडे!

शेवटी काय, माझं कोणी ऐकेना, खोली तर हवी होती. मी म्हटलं, करा तुमचं सरबत. पण दोन अटी. एक, मी त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. आणि दोन, सरबताआधी प्रत्येकाने एक घोट खऱ्या वाइनचा घ्यायचा, रीतसर, मी शिकवलाय तसा. आधी धडा, मग खाऊ! सासूबाई म्हणाल्या, 'चालेल.' ह्यांनी बाहेर पाटी लावली, 'उन्हाळी कॉकटेल', आणि मी ती वाचायलासुद्धा गेले नाही.

शनिवार उजाडला. सासूबाई गुडघे धरून जिना चढल्या, जन्मात पहिल्यांदा माझी खोली बघितली. बर्फाची लादी मागवली, ह्यांना फोडायला बसवलं. मी गॅलरीत उभी, पाठ करून. आतून आवाज येतायत... काकडी चिरल्याचा, बाटल्या उघडल्याचा, एकीमागून एक, माझ्या सगळ्या पांढऱ्या वाइन... आणि मी दात खाऊन उभी. बघणार नाही म्हणजे नाही! एकदा ह्यांनी विचारलं, 'अगं, आई भांडं कुठलं घेऊ विचारतेय.' मी म्हटलं, 'मला काय विचारता? घ्या कुठलंही!'

काय बोलून गेले मी... काय बोलून गेले!

संध्याकाळी खोली भरली. भरली म्हणजे अशी की माणसं खिडकीच्या कट्ट्यावर. ती पाटी बघून आलेली, घामाघूम, सगळी नवीन. पुढे आमचे जुने, डॉक्टर, मुख्याध्यापिका. पहिल्या खुर्चीत टायरवाले काका, हाताची घडी घालून. आणि कोपऱ्यात क्लासवाल्या बाई, टेप पर्समध्ये, पर्स उघडी! मी सगळ्यांना एकेक घोट ओतला. आणि सुरू केलं, काय आवाज लागला होता त्या दिवशी! 'बघा! हुंगा! घोळवा! आणि आता, एकेक जण पुढे येऊन, थुंका!'

डॉक्टर उठले. रुबाबात. टेबलापाशी आले, वाकले, थुंकले. मग किंचित थांबले, भांड्यात निरखून बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, 'वा! आज भांड्यात पुदिना? स्वच्छतेची कमाल आहे हं तुमची!' मी हसले. अहो, हसले मी! मला वाटलं, ह्यांनी केलं असेल काहीतरी वासासाठी. मागून मुख्याध्यापिका, रुमाल धरून. त्यांच्यामागे नवी मंडळी, त्यांना काय ठाऊक, पुढचा करतो तसं मागचा करतो, कशी छान रांग लावून... आणि मी? मी म्हणतेय, 'शाबास! घाई नको! सगळ्यांना मिळेल!'

तेवढ्यात आतल्या दारातून सासूबाई आल्या. हातात डाव. सरबत वाढायला. आणि जागच्या जागी थिजल्या. 'अगं बाई! ही माणसं माझ्या सरबतात थुंकतायत!'

झालं. कळलं ना तुम्हाला? सासूबाईंनी फळीवर बघितलं, सगळ्यात देखणं भांडं कुठलं, तर ते तांब्याचं. 'एवढं लखलखीत भांडं कोपऱ्यात का ठेवलंय?' म्हणून चिंच लावून पुन्हा घासलं, उकळत्या पाण्याने धुतलं आणि त्यात केलं सगळं कॉकटेल. आणि हे, रोज त्या भांड्याची जागा ठरलेली म्हणून, हातांना सवय म्हणून, त्यांनी उचलून ठेवलं टेबलाच्या मधोमध! मी एकदा, फक्त एकदा वळून बघितलं असतं... पण मी कसली बघतेय? माझी अट होती ना!

सगळे भांड्याकडे बघतायत. तो पंखा कुरकुरतोय तेवढाच. टायरवाल्या काकांनी हाताची घडी सोडली. कोपऱ्यातून आवाज आला, सर्र... बाईंनी टेप काढली! ह्यांनी भांडं उचललं आणि आत मोरीत नेऊन ओतलं. डॉक्टर बिचारे, 'मला वाटलं पुदिना...' एवढंच म्हणत राहिले. मागची दोन माणसं उठली, चपला शोधायला लागली. आणि खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. ही खोली गेली तर मी कुठे जाऊ हो? मला दुसरं काय येतं?

पांढरी वाइन संपली, रोजची लाल धड्यातच संपली. उरलं काय? कपाटातल्या माझ्या लाल बाटल्या. धंदा सुरू केला तेव्हा एका मळेवाल्या म्हाताऱ्या बाबांनी दिलेल्या. म्हणाले होते, 'पोरी, लायक माणसं भेटतील तेव्हा उघड.' एवढी वर्षं मी तेवढ्यासाठी थांबलेली. ह्यांना थेंब दिला नव्हता. डॉक्टरांनी किती वेळा विचारलं, मी म्हटलं, अजून नाही. आणि त्या उकाड्यात त्याही तापलेल्या, बाटलीला हात लावला तर तापाचं माणूस. तशी दिली तर कोण पिणार?

सासूबाई माझ्याजवळ आल्या. हळूच म्हणाल्या, 'अगं, माणसं घामाने भिजलीयत. आधी त्यांना गार कर, मग काय शिकवायचं ते शिकव.' आणि उरलेला बर्फ पुढे सरकवून माझ्या हातात चिमटा दिला.

तुम्हाला सांगते, मी त्या चिमट्याकडे बघितलं. त्या टेपकडे बघितलं. चपला शोधणाऱ्या माणसांकडे बघितलं. आणि ओरडले, 'बसा सगळे! कोणी हलायचं नाही!' बसले. दोघांनी चपला हातात धरल्या तशाच बसले. मी कपाट उघडलं, बाबांची मनातल्या मनात माफी मागितली, आणि... टण्! पहिला खडा. त्यावर माझी लाल वाइन. संत्र्याची चकती. सोडा. टण्, टण्, टण्! रडत होते आणि घालत होते. ह्यांनी वाटायला घेतलं.

डॉक्टरांनी घोट घेतला, सवयीने घोळवला, गाल फुगवून पुढे आले, वाकले... भांडंच नाही! ते तर मोरीत! इकडे बघतात, तिकडे बघतात, मुख्याध्यापिकांच्या पर्सकडे बघतात, त्यांनी पर्स मिटली, आणि शेवटी... गिळलं. डोळे मोठे झाले. म्हणाले, 'अहो! ही आत गेल्यावर तर फारच छान लागते!' आणि रबर? रबराचं नावसुद्धा नाही! टायरवाल्या काकांनी नुसता ग्लास पुढे केला, पुन्हा पुढे केला. क्लासवाल्या बाईंनी टेप गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि मला म्हणाल्या, 'थोडं सरकता का? बर्फापर्यंत हात पोचत नाहीये माझा.'

खोली राहिली. बघताय ना, कपाट तिथेच आहे, आरसा नाही. पण मी हरले असं समजू नका हं! त्या पेयाला मी वाइन म्हणत नाही, पाटीवरही लिहू दिलं नाही, पाटीवर लिहिलंय 'सासूबाईंचं', बस. आणि ते तांब्याचं भांडं? ते काय, समोरच तर आहे तुमच्या, बर्फाने भरलेलं. घाबरू नका, आता त्यात बर्फाशिवाय काही पडत नाही. एवढी वर्षं मी उत्तमातली उत्तम वाइन लोकांना दिली, आणि लोक ती माझ्या डोळ्यांसमोर थुंकत राहिले, आणि मी शाबास म्हणत राहिले. आणि ज्या दिवशी तिच्यात पाणी घातलं, त्या दिवशी एकाने, एकानेही थेंब वाया घालवला नाही. आता मी रागवायचं कोणावर, सांगा! तरी तत्त्व म्हणजे तत्त्व. वाइनमध्ये बर्फ? मी जिवंत असेपर्यंत...

असो. आणा तो ग्लास इकडे. एक खडा घालू की दोन?