मिनिटाला एक्काहत्तर शब्द

लॅपटॉपच्या दुकानात, रांगेत माझ्यापुढे एक वडील आणि त्यांची मुलगी उभी होती.

“बाबा, आठ जीबी रॅम पुरेल की.”

“सोळा घेऊ. जुना कॉम्प्युटर आता धापा टाकतोय. तो अख्खा कॉपी करून ह्याच्या पोटात चालवायचाय.”

“आईच्या टायपिंगच्या खेळासाठी?”

“हो. ती गेली, पण यादीत पहिली अजून तीच आहे. मिनिटाला एक्काहत्तर शब्द! मला कासव म्हणायची.”

“मग त्याला आठ रग्गड झाली.”

“एकाला. मला त्याचे तसे हुबेहूब दोन चालवायचेत, शेजारी शेजारी.”

“दोन कशाला?”

“एकात मी रोज खेळणार. अडुसष्टवर आलोय.”

“वा, कासवराव! आणि दुसऱ्यात?”

“दुसऱ्याला हात लावायचा नाही. तिथं तीच पहिली राहील.”

“...सोळाच घेऊ, बाबा.”