मोटरीची फळी

आमचं गाव गगनबावड्याच्या अलीकडं, घाटमाथ्याला, आणि पाऊस म्हणाल तर तिथं असा की छत्रीचं नाव कुणी काढत न्हवतं, इरलं डोक्यावर घ्यायचं नि चालाय लागायचं, आता चालाय लागायचं ते दुसऱ्यांनी बरं का, मी काय चालत न्हवतो. मला पोलिओ झाला तवा मी नुकता रांगत हुतो, ताप आला नि गेला, नि जाताना दोन्ही पाय घिऊन गेला, आसं आई सांगायची. नाव ठेवलंतं दत्तात्रय, पण गावात समदी पांगळा दत्त्या म्हणायची, तोंडावर म्हणायची, नि त्यात कुणाच्या मनात काय वाईट बी न्हवतं, आमच्यात आंधळ्याला आंधळा म्हणत्यात नि टकल्याला टकल्या, काय सांगू तुमास्नी. आता दिव्यांग म्हणत्यात. शब्द चांगला हाय, मी न्हाय म्हणत न्हाय, पण शब्द बदलला म्हणून पायरी काय खाली येत न्हाय पावणं, ते म्होरं सांगतो, लिवून घ्या.

तर शाळेला मी आईच्या पाठकुळीला. पहिली दुसरीला ठीक हाय वो, पण सातवीला मला मिसरूड फुटाय आलं तरी पाठकुळीलाच, पोरं हसायची, आई कुणाला जुमानत न्हवती. पावसात वाटंवर जळवा लई, तिच्या पायाला लागायच्या, माझं पाय वर लोंबकळत म्हणून मला कधी लागली न्हाय. मी वरनं सांगायचो, आई डाव्या पोटरीला बघ, मग ती थांबायची, कनवटीचं मीठ काढून लावायची, नि परत चालायची. मला ते आठवलं की अजून माझ्याच पोटरीला खाज सुटती, आता माझ्या पोटरीला काय कळतंय, पण सुटती. एकदा ओढ्याच्या काठाला तिनं मला दगडावर ठेवलं, धाप लागलीती तिला, नि म्हणाली, दत्ता, मी हाय तवर उचलीन बाबा, म्होरं तुला कोण उचलणार. मी ओढ्याकडं बघत बसलो. तेवढी एक गोष्ट बगा, माझ्या जन्माला चिकटून बसली.

गडमुडशिंगीला माझा मामा, तो रोज सायकलनं कोल्लापूरच्या उद्यमनगरला, कारखान्यांच्या भागात, कामाला यायचा. त्येनं मला दहावी झाल्यावर गावाकडनं आणलं नि मोटर वाइंडिंगच्या एका दुकानात नेऊन ठेवलं. शेतातल्या विहिरीवरच्या मोटरी जळत्यात न्हवं, त्या परत भरून द्यायचं दुकान. मालक आण्णा, जैनाचं, बोलणं कमी, पण बोललं तर मुद्द्याचं. मामा त्यांच्याम्होरं हात जोडून, पोरगं पायानं अधू हाय, काय बी काम द्या, झाडू मारंल, चहा आणंल, आसं कायबाय बोलाय लागला. आण्णा म्हणालं, चहा आणायला पाय लागत्यात, ते कुठनं आणायचं. मग माझी बोटं हातात घिऊन उलटी पालटी करून बघितली. वाइंडिंगला बूड पायजे नि बोटं पायजेत, म्हणालं, दोन्ही हायत की ह्येच्याकडं. झालं, राहिलो मी.

काय दिवस हुतं वो ते. मोटर उघडायची, जळकी तार छिन्नीनं तोडायची, खाचा साफ करायच्या, त्यात कागद घालायचा, नवी तार भरायची, दोऱ्यानं बांधायची, मग वार्निश. त्या वार्निशचा वास अंगाला असा बसायचा की सणाला उटणं लावलं तरी जायचा न्हाय, मामी जेवायला येगळा पाट मांडायची मला, हसून बरं का. आणि भंगारातली बेरिंगं घिऊन आण्णांनी मला एक फळकूट करून दिलं, चार कोपऱ्याला चार बेरिंगं, त्येच्यावर बसायचं नि हातानं ढकलत जायाचं. खडखड खडखड असा आवाज यायचा, आख्ख्या गल्लीला कळायचं दत्ता निघाला म्हणून. पलीकडचा लेथवाला वरडायचा, आली रं आली, मालगाडी आली. मी बी शिटी मारायचो.

आणि बंडा. बंडा म्हंजे दुकानातला मोटरी उचलणारा गडी, माझ्याच वयाचा, कसबा बावड्याचा. ट्रॅक्टरमधनं मोटर एकटा उतरवायचा. दुसऱ्याच दिवशी आण्णांनी त्येला सांगितलं, दत्त्याला जरा त्या कोपऱ्यात बसीव, तर त्येनं काखेत हात घातलं नि मला मोटरीसारखा उचलून ठेवला, वर म्हणतोय, हलकी हाय मोटर, दीड हॉर्सपॉवरची. तवापासनं जिथं जाईल तिथं बंडा मला उचलणार. रंकाळ्याला भेळ खायला, खासबागेत कुस्त्या बघायला खांद्यावर, मिसळ खायला तर त्या हॉटेलला पायऱ्या हुत्या, पण आम्हाला पायऱ्या म्हंजे काय ते म्हाईतच न्हवतं. बंडाला कधी उशीर झाला तर गल्लीतलं कोण बी यायचं, चल रं दत्त्या उचलतो. कोल्लापूरचा माणूस हाय वो तो, त्येला माणूस उचलायला सांगा, हसत उचलंल. त्येचा हात काखेत आला की मला लई बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू, आज बी वाटतंय.

पण नोकरीचं निघालं नि तिथं गोची झाली. एक सरकारी खातं, नाव घेत न्हाय, त्यांचं नदीकडच्या अंगाला पंप दुरुस्तीचं वर्कशॉप. पेपरात जाहिरात आली, वाइंडरची जागा, आणि ती अपंगासाठी राखीव. कायदा झालता ना नवीन. आण्णांनीच जाहिरात दाखवली मला, म्हणालं, माझ्या दुकानावर छप्पर हाय तवर तू हायस, पण सरकारी छप्पर येगळं. आईला निरोप गेला, तिनं गावाकडं देवाला नारळ ठेवला. मुलाखतीला बंडा नवा शर्ट घालून आला, माझी मुलाखत नि त्येचा शर्ट नवा. नदीला पूर येतोय म्हणून त्या इमारतीचं जोतं हे एवढं उंच, म्होरं पायऱ्याच पायऱ्या. बंडानं मला उचलला, ऐटीत, गणपती नेल्यासारखा, नि थेट साहेबांच्या म्होरल्या खुर्चीत नेऊन बसवला नि बाजूला छाती काढून हुबा राहिला. साहेब कागद बघायच्या आधी त्येच्याकडं बघाय लागलं. मग मला इचारलं, रोज कोण उचलून आणणार तुम्हाला? मी तोंड उघडायच्या आत बंडा म्हणाला, मी की साहेब, मी हाय. साहेब हसलं. म्हणालं, जागा एक हाय, माणसं दोन कशी घेऊ?

बास. तेवढ्यावर गेली जागा. वाइंडिंगचं एक अक्षर इचारलं न्हाय. बंडानं मला खाली आणून फळकुटाच्या गाड्यावर ठेवलं, नि त्येच्या नव्या शर्टाला माझ्या घामाचा डाग पडलाता तेवढाच बघत बसला. मला त्येचा राग आला न्हवता पावणं, खरं सांगतो, मला आईचं ते ओढ्याकाठचं बोलणं आठवलं, कोण उचलणार, नि हितं बी तेच. मायेनं इचारलं काय नि साहेबानं इचारलं काय, सवाल एकच. मी बंडाला तिथंच बोललो, इथनं म्होरं मला न इचारता उचलायचं न्हाय. त्येला लई लागलं ते. आठवडाभर माझ्याशी बोलला न्हाय, मोटरी सुद्धा आदळून ठेवायचा.

त्या वक्ताला आम्ही अपंग मंडळी जमायला लागलोतो, एक आंधळं सर हुतं, शाळेत शिकवायचं, तेंच्या घरी. कलेक्टर ऑफिसच्या गेटला बसायचो, कुबड्यावालं, गाडंवालं, मुकी-बहिरी पोरं, निवेदन द्यायचो, पोलीस यायचं नि त्यास्नी कळायचं न्हाय उठवायचं कसं, उठवायचं म्हंजे उचलायचंच की. आम्हास्नी हसू यायचं. सर एकदा मला म्हणालं, दत्ता, तू तिथं परत जा, पण त्या इमारतीला चारी बाजूनं आधी बघून ये. मी म्हटलं, सर तुम्ही बघायला सांगताय व्हय. ते खो खो हसलं. पण मी गेलो. गाडा खडखडत इमारतीच्या मागं गेलो नि बघतोय तर काय, मागच्या दाराला एक लांब लाकडी फळी लावल्याली, उतरती, चांगली जाडजूड सागवानी. जळक्या मोटरी त्या फळीवरनं वर ओढायच्या, भरून झाल्या की त्याच फळीवरनं खाली सोडायच्या. मोटरीसाठी वाट हुती वो तिथं. माणसाला न्हवती.

परत जागा निघाली त्याला साल दोन सालं गेली आसतील. बंडाला म्हटलं, चल, पण हात खिशात ठेवायचं. आला बिचारा, हात खरंच खिशात घालून. मी मागच्या दाराला गेलो, गाडा फळीला लावला, पाठमोरा झालो नि तळहात टेकून एक एक वीत वर सरकाय लागलो. चढ खडा हुता, बेरिंगं मागं पळायची, दोनदा घसरत खाली आलो, कोपर सोलवटलं. वर्कशॉपची माणसं काम सोडून बघायला आली, दोघं धावली उचलायला, तर खालनं बंडाच वरडला, ए, हात लावायचा न्हाय कुणी. डोळ्यात पाणी हुतं त्येच्या, नि हात तसंच खिशात. गडबड ऐकून साहेब आतनं तिथं आलं, ह्या खेपंला साहेब दुसरं हुतं. मी वर पोचलो, घाम पुसला, नि म्हणालो, साहेब, तुमच्या मोटरी ज्या वाटनं वर येत्यात त्या वाटनं मी आलोय, आता मला कोण उचलणार ते इचारू नका, काम इचारा.

साहेबांनी खुर्ची मागवली न्हाय. तेच खाली बसलं, माझ्याम्होरं, फरशीवर, नि काम इचारलं. पुढच्या महिन्यात ऑर्डर आली. आण्णांनी दुकान बंद ठेवून गल्लीला पेढं वाटलं.

सुरवातीची किती तरी सालं मी मोटरीच्या दारानंच कामावर गेलो. लाज न्हवती त्येची, पण पावसात फळी शेवाळायची, मग अर्ज, परत अर्ज, साहेब बदलायचं नि अर्ज परत नवा. शेवटी म्होरल्या बाजूला सिमेंटचा उतार झाला, बाजूला धरायला पाइप. आणि मग बघा गंमत, त्या पायऱ्यांवरनं कोण चढंना. चहावाला किटली घिऊन उतारानं, डिलिव्हरीची हातगाडी उतारानं, पेन्शनीचं म्हातारं उतारानं, साहेबांचा पाय मोडला तर साहेब बी उतारानं. आई एकदा गावाकडनं आली, गुडघं गेलंतं तिचं, पाइपाला धरून हळूहळू वर आली नि माझ्या टेबलापाशी टेकली. बराच येळ इकडं तिकडं बघितलं. मग म्हणाली, हितं कुणी उचलत न्हाय व्हय रं तुला? म्हटलं, न्हाय गं आई. तिनं पदरानं तोंड पुसलं नि म्हणाली, मग मी आता जायाला मोकळी. त्याच थंडीत गेली ती. मला रडू आलं ते आलंच, पण सांगतो तुमास्नी, ती भ्या घिऊन गेली न्हाय, एवढं माझ्या हातनं झालं.

आता आण्णा न्हाईत, दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान झालंय, वार्निशचा वास त्या गल्लीत कुठंच येत न्हाय. माझं बेरिंगाचं फळकूट मात्र माळ्यावर हाय, बायको म्हणती भंगारात घाला, मी घालत न्हाय. बंडा आसतोय, रोज माझ्या सुटायच्या टायमाला गेटला यायचा, नि त्या फळीच्या दिवसापासनं त्येची एक खोड, मला बघितला की म्हणणार, उचलू का? मी म्हणायचं, न्हाय. मग दोघांनी चहाला जायाचं. आख्खी नोकरी आसंच चाललं.

परवा मी रिटायर झालो. नारळ दिला, शाल दिली, भाषणं झाली, माझ्या टेबलावर आता रेश्मा बसणार, इचलकरंजीकडची पोरगी, तिचं पाय माझ्यासारखंच, स्कूटरला मागं दोन चाकं जादा लावल्याली. मी चाकाच्या खुर्चीवरनं उतारानं निम्म्यात आलो तर बंडा म्होरं हुबा. उचलू का? मला काय झालं कुणाला ठावं, मी म्हटलं, उचल.

तो खुर्चीपाशी आला. मग वाकला, त्येचं गुडघं वाजलं, काखेत हात घातलं, अगदी तसंच, तेवढंच गरम हात, नि मला खुर्चीतनं अर्धा उचलला बी. नि मग दोघं बी खाली. लागलं काय न्हाय, त्या उतारावरच बसलो शेजारी शेजारी, शाल एकीकडं, नारळ घरंगळत गेटपतोर. बंडा म्हणतोय, मोटर जड झाली रं दत्त्या. मी हसतोय नि रडतोय, तो बी तसाच.

तेवढ्यात मागनं हॉर्न. रेश्मा. काका, बाजूला बसा की, म्हणती, ह्यो रस्ता हाय.

सरकलो की आम्ही, पाइपाला धरून. ती सरळ वर निघून गेली, मागं वळून बी बघितलं न्हाय पोरीनं. तिला काय ठावं तिथं आधी काय हुतं, आणि नसूंदे ठावं. अशीच जाऊंदे ती रोज, सुखानं.