आप्पांचं पायलटचं घड्याळ

आमच्या आप्पांचं, म्हणजे माझ्या चुलत्यांचं, विमान कसं चुकलं ते सांगितलंच न्हाय व्हय तुम्हाला? त्यांच्याकडं पूर्वीचे पायलट बांधायचे तसलं घड्याळ हाय, रोज चावी द्यावी लागणारं. खंडेनवमीला विळा-कुऱ्हाडीशेजारी त्यांनी तेबी पूजेला मांडलं.

मी म्हटलं, "आप्पा, घड्याळ कुठं हत्यार असतंय?"

"लढाईतल्या पायलटांसाठी काढलेलं हाय रं हे. मोजे घातलेल्या हातानं फिरवता यावी म्हणून तर चावी एवढी मोठी. हत्यारच की. तुझा मोबाईलबी ठेव."

पूजेतल्या हत्याराला हात लावायचा न्हाय, म्हणून घड्याळाला चावी न्हाय आणि मोबाईलला चार्जिंग न्हाय.

दसऱ्याला सकाळी पूजा उचलली, आप्पांनी घड्याळ तसंच मनगटाला बांधलं आणि आम्ही मोटरसायकलवरनं सांबऱ्याच्या विमानतळाकडं निघालो. निघताना घड्याळात आठ वाजलेले. वाटेत निवांत चहा घेतला, तरी आठच.

आप्पा खूश. "लई जोरात आणलास रं."

म्हणून आणखी एक चहा झाला. तेवढ्यात डोक्यावरनं बेंगळूरचं विमान गेलं. आप्पांचंच.

आप्पांनी ते दिसेनासं होईपर्यंत बघितलं, मग मनगटाकडं बघितलं आणि म्हणाले, "त्या पायलटचं घड्याळ लई पुढं हाय."