तांब्याची कळशी आणि समुद्रफूल

मंडळी, ऐका! पुढच्या बायांनो, वाती मागाहून वळा, आधी कान इकडे द्या. एक प्रश्न टाकते. आपल्या घरातलं सगळ्यात चांगलं ते आपण दुसऱ्याला दिलं — तर त्यात चूक काय? काही नाही ना? बघा, सगळ्यांनी माना डोलवल्या! बरं. त्या माना तशाच ठेवा. शेवटी बघू कुठं जातात.

अलिबागेत द्वारकाबाई केळसकर म्हणून एक बाई. मुलगा बोटीवर, वर्षातला बराच काळ पाण्यावर. घरात दोघीच — ह्या, आणि सून शर्वरी. आणि दिवाणखान्यात काचेची मोठी पेटी. पेटीत काय? समुद्र! खारं पाणी, दगड, वर निळा दिवा, आणि मधल्या दगडावर एक समुद्रफूल. पाकळ्या बोटांसारख्या, सारख्या हलतायत. त्यात एक नारिंगी मासा लोळत पडलेला — दिवाळसणाला आलेला जावई गादीवर लोळतो ना, तस्सा!

"आई, ते फूल नाही हं, प्राणी आहे," शर्वरी सांगायची. "त्याला तोंड आहे. कोळंबी खातं."

"कोळंबी खाणारं फूल? तुझ्याच माहेरचं असणार!"

हसा, हसून घ्या!

शर्वरीच्या वडलांचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं. तिला देवगडला जायचं. पण पाय निघेना. लग्न झालं, नवरा बोटीवर गेला, तेव्हा त्या मुक्या घरात तिनं ही पेटी स्वतःच्या हातानं उभी केलेली. त्या फुलाशी बोलायची ती!

"आई, जमेल ना?"

"चार पोरं वाढवली मी. एक फूल नाही वाढणार?"

"पाणी आटतं, मीठ आटत नाही. म्हणून वरून गोडं पाणी घालायचं."

"आमटी आटली की पाणीच घालतात. मला शिकवतेस?"

"फक्त शुद्ध पाणी घाला हं."

"म्हणजे, अशुद्ध घालीन होय गं?"

झालं! ह्याच शब्दात पाय अडकला, मंडळी. शुद्ध! शर्वरीच्या मनात काय? ओट्याखालच्या प्लास्टिकच्या कॅनमधलं, फिल्टरचं पाणी. आणि द्वारकाबाईंच्या? त्यांनी कॅनकडे बघून नाक मुरडलं — प्लास्टिक! देवघरातली तांब्याची कळशी काढली, चिंच लावून लख्ख घासली. अंघोळ करून पाणी भरलं, रात्रभर ठेवलं, सकाळी पेटीत! देवाला जे, ते फुलाला. आता ह्याहून शुद्ध काय असतं? सांगा की!

आणि फूल मिटायला लागलं.

द्वारकाबाई चक्रावल्या. मासा तर ठणठणीत! पाणी वाईट असतं तर आधी मासा नसता मेला? मग ह्यालाच काय धाड भरली? दृष्ट! शेजारीण भारी कौतुक करून गेली होती. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या पेटीवरून. (ओवाळलेलं मीठ पेटीत नाही टाकलं हं, तेवढी अक्कल होती!)

दुसऱ्या दिवशी बघतात — दगड मोकळा! फूल कुठाय? फूल काचेच्या पार कोपऱ्यात! अहो, फूल चालतं का कुठं? द्वारकाबाई खुर्चीत बसून बघतच राहिल्या. हे फूल म्हणावं, जनावर म्हणावं, का कुणी रुसून बसलंय? आणि तो मासा तिथंच, त्या आखडलेल्या पाकळ्यांना अंग घासतोय. गादी गुंडाळली तरी जावई उठेना!

त्यांना एकच सुचलं — आपली सेवाच कमी पडतेय. मग काय, पेटीतलं थोडं पाणी काढायचं आणि कळशीतलं आणखी ओतायचं! शर्वरीचा फोन आला की, "सगळं झकास आहे." चार पोरांची आई ना! ती हरते होय?

शर्वरी परतली. हातातली पिशवी दारातच पडली. फूल अक्रोडाएवढं झालेलं.

"आई, पाणी कुठलं घातलंत?"

"शुद्ध!" म्हणत द्वारकाबाईंनी कळशी पुढं धरली. चकचकीत!

"तांब्याचं?" शर्वरी पेटीपाशी जाऊन बसली. "आई, तांबं ह्याला विष आहे. माशाला एवढं सोसतं, ह्याला नाही. हे रुसलं नव्हतं हो... हे पाण्यापासून पळत होतं."

"तांब्याचं पाणी विष? अगं, माझ्या सासूबाई —"

सासूबाई म्हटल्यावर त्यांना दूध आठवलं. नव्या नवरीला, म्हणजे ह्याच द्वारकाबाईला, सासूबाई रोज पेलाभर निरसं दूध पाजायच्या. घरच्या म्हशीचं, सगळ्यांच्या आधी हिला! आणि ही मागच्या दारी जाऊन ओकायची. तुला सोसतं का गं, असं कुणी विचारलंच नव्हतं.

द्वारकाबाईंनी कळशी देवघरात नेऊन ठेवली. प्लास्टिकचा कॅन स्वतः उचलून आणला. आणि सुनेपाशी बसून म्हणाल्या,

"सांग. काय घालू?"

दोघींनी पेटीतलं पाणी उपसलं, मीठ कालवून नवं केलं, तांबं शोषून घ्यायला कोळशाच्या पिशव्या सोडल्या. एकदा नाही, कितीदा तरी. फूल जगलं का? जगलं. पण एका बाजूच्या पाकळ्या आजही आखडलेल्याच आहेत. मासा मात्र उघड्या बाजूला लोळतो.

काय, आता का कुणाची मान डोलत नाही? घरी जा. कुणीतरी कोपरा धरून मिटून बसलं असेल. तुम्ही म्हणत असाल, एवढं करतो तरी रुसलंय मेलं! आधी आपल्या हातातली कळशी बघा. ती खाली ठेवा, आणि जवळ बसून विचारा — काय घालू?

ठेवलीत खाली? मग हात मोकळे झाले. आता त्याच हातांनी टाळी द्या, आणि घ्या देवाचं नाव!