पंकजाच्या साड्यांची गोधडी

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष आणि आमच्या गोधडी गटातल्या सगळ्यांत थोरल्या लंकाबाई. प्रमुख पाहुणे, हायस्कूलचे मुख्याध्यापक आदरणीय बन्सी सर. खुर्चीवर बसायला नको नको म्हणत असताना आम्ही बळंच व्यासपीठावर बसवलेल्या आपल्या सत्कारमूर्ती रतनबाई. सोनईच्या चारी वाड्यावस्त्यांवरून हातातली कामं टाकून आलेल्या माझ्या आयाबहिणींनो, दाराशी उभ्या असलेल्या बंधूंनो, आणि पेढ्यांच्या खोक्याकडे डोळे लावून बसलेल्या बाळांनो, आपणा सर्वांना नाझनीन शेखचा सलाम आणि नमस्कार.

मी इथल्या मराठी शाळेत शिकवते, हे बहुतेकांना माहीत आहे. रतनबाईंच्या घराची आणि माझ्या घराची भिंत एकच आहे. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासून त्यांना आक्का म्हणते. आजही आक्काच म्हणेन. व्यासपीठाचा मान राखून 'रतनबाई' म्हणायला गेले, तर मला कुणा परक्या बाईविषयी बोलल्यासारखं वाटेल.

निरोपाच्या भाषणात माणसाचे गुण सांगण्याची पद्धत आहे. ते माझ्याआधीच्या वक्त्यांनी सांगितले. आक्कांनी किती बायकांच्या हातात सुई दिली, गल्लीत जन्मलेल्या प्रत्येक बाळासाठी दुपटं कसं शिवलं, हिंदू-मुसलमान असा भेद त्यांच्या ओट्यानं कसा कधी पाहिला नाही, हे सगळं बोलून झालं. मग मी काय बोलावं? मी काल त्यांनाच विचारलं.

"आक्का, उद्या तुमच्याविषयी काय सांगू?"

त्या म्हणाल्या, "माझं गुनगान नको गाऊ. पंकजाचं सांग. समद्या गावाम्होरं तिचं नाव घे. लई वर्सं कुनी घेतलं न्हाई."

आक्कांचे जावई रविराज समोरच बसले आहेत. त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, "सांगा, मॅडम." तेव्हा मी जे बोलणार आहे ते त्या दोघांच्या परवानगीनं.

पंकजा आक्कांची एकुलती एक लेक. माझी विद्यार्थिनी. तिचा आवाज आधी यायचा आणि मग ती यायची. आक्कांसारखी शिवणारी बाई पंचक्रोशीत नाही, आणि लेकीला सुईत दोरा ओवायचा कंटाळा! आम्ही बायका दुपारी ओट्यावर जुनी लुगडी पसरून धावदोरा घालत बसायचो, तेव्हा ही पोर मधोमध येऊन लोळायची. पण रंग मात्र तिच्याच पसंतीनं लागायचे. "आई, राखाडीशेजारी राखाडी काय लावतेस? तिथं लाल लाव. पांघरणाऱ्याला थंडी वाजते, सुतक नसतं त्याला." अशी बोलायची. आम्ही हसायचो आणि लाल लावायचो.

तिचं लग्न रविराजशी झालं. ते नगरला कंपनीत आहेत. शांत माणूस. दोघांचं चांगलं चाललं होतं. वर्षभरानं पंकजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आक्का तेव्हा कशा दिसायच्या, हे या सभागृहातल्या जुन्या बायकांना आठवत असेल. डिंकाचे लाडू काय, बाळंतविडा काय. पंकजा पाय सोडून बसायची आणि माझ्या हातची खीर मागून खायची.

कळा सुरू झाल्या तशी तिला नगरच्या दवाखान्यात नेलं. मुलगी झाली. त्यानंतर रक्त जायला लागलं ते थांबेना. डॉक्टरांनी आणि नर्सबाईंनी हातचं काही राखलं नाही. कुणाला दोष द्यावा असं तिथं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी आक्का घरी आल्या त्या बाळाला छातीशी धरून, आणि मागच्या गाडीतून पंकजा आली.

क्षमा करा. पाणी मिळेल का? ... धन्यवाद.

ते बाळ म्हणजे ही रेश्मा. पुढच्या रांगेत बसली आहे, वेण्या सोडून टाकलेली.

रेश्माला आक्कांनी वाढवलं. बापाची नोकरी, घरी दुसरं कोणी बाईमाणूस नाही, तान्हं पोर कोण सांभाळणार? रविराज सुट्टीला येत, लेकीला मांडीवर घेत, जाताना मागं वळून वळून पाहत. पंकजाच्या साड्या एका पत्र्याच्या पेटीत भरून त्यांनी सोनईला आणून दिल्या. आक्कांनी ती पेटी माळ्यावर टाकली आणि सुई ठेवून दिली. आम्ही ओट्यावर गेलो तर म्हणाल्या, "तुमी बसा बायांनो. माझं शिवून झालं." मग आमचा गट माझ्या ओट्यावर बसायला लागला. भिंतीपलीकडून रेश्माचं बोबडं बोलणं ऐकू यायचं. ती आक्कांना 'आई' म्हणायची. ती चूक आहे असं तिला कुणी सांगितलं नाही. कोण सांगणार? त्या घरात पंकजाचं नाव निघेनासं झालं होतं. फोटोसुद्धा नव्हता. आम्ही शेजारणीही जपून बोलायचो. दुःखाला धक्का लागू नये म्हणून माणसं गप्प बसतात, आणि त्या गप्प बसण्यात गेलेलं माणूस आणखी एकदा जातं, नाही का?

पुढं आक्कांनीच रविराजना सांगितलं, "जावईबापू, तुमी लगीन करा. वय हाय तुमचं." त्यांनी केलं. पाथर्डीकडची मुलगी, सुकन्या. आक्का लग्नाला गेल्या नाहीत, पण अहेर पाठवला. इथवर सगळं रीतीला धरून झालं. मग रेश्माचं शाळेचं वय झालं आणि रविराज तिला न्यायला आले.

मी भिंतीपलीकडेच होते. ऐकू येत होतं.

"आई, रेश्माला आता न्यावं म्हणतो. तिकडं शाळा जवळ आहे."

"न्या की. मला आधी पोचवा मसनात, मंग न्या."

"आई, मी तिचा बाप आहे."

"आन् मी कोन हाय?"

रविराज परत गेले. आक्का दार लावून बसल्या. खरं कोणाचं होतं? बापाचं खरं होतं, आजीचंही खरं होतं. शाळेत मुलं मला विचारतात, बाई, दोन्ही उत्तरं बरोबर कशी? मला अजूनही सांगता येत नाही.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी एसटीतून एक मुलगी उतरली आणि पत्ता विचारत गल्लीत आली. ती सुकन्या. एकटी. नवऱ्याला सांगून आली होती, पण त्याला बरोबर घेऊन आली नव्हती. तिनं आक्कांच्या पायावर डोकं ठेवलं. आक्कांनी पाय मागं घेतले.

"पोर न्यायला आली असशील तर पानी पी आन् जा."

"न्हाई मावशी," ती म्हणाली. "मला गोधडी शिवाया शिकवा."

"कशापायी?"

"रेश्मा येईल तवा येईल. पर आली तर तिच्या अंगावर तिच्या आईचं काहीतरी असावं. ह्यांनी सांगितलं, ताईच्या साड्या इथंच हाईत."

आक्का अशा कडाडल्या की मी हातातलं टाकून धावत गेले. "माझ्या लेकीची जागा घेतली, आता साड्या फाडाया आलीस व्हय?" आणखीही बोलल्या. ते इथं सांगत नाही. सुकन्यानं उलट शब्द काढला नाही. डोळे पुसले, उठली आणि माझ्या ओट्यावर आमच्या बायकांत येऊन बसली. लंकाबाईंच्या सुनेची गोधडी पसरलेली होती. तिनं एक कोपरा धरला आणि सुई घातली.

अध्यक्षबाई हसतायत. त्यांना आठवतंय. इतके वेडेवाकडे टाके आमच्या गटानं त्याआधी कधी पाहिले नव्हते! ती दर रविवारी यायला लागली. रेश्मासाठी भुईमुगाच्या शेंगा आणायची, जबरदस्तीनं जवळ घ्यायची नाही. एसटीची वेळ झाली की आक्कांच्या दाराशी उभी राहून म्हणायची, "येते मावशी." आतून उत्तर यायचं नाही.

एका रविवारी उत्तर आलं. आक्का बाहेर आल्या, ओट्यावर वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "असा लांब टाका घेतीस? पोराच्या पायाचा आंगठा अडकंल त्यात. सरक तिकडं." आणि इतक्या वर्षांनी सुई हातात घेतली. नजर अधू झाली होती, दोरा मी ओवून दिला. आम्ही सगळ्या माना खाली घालून शिवत राहिलो. कुणी कुणाकडे बघेना.

दिवाळी झाल्यावर आक्कांनी पेटी खाली काढायला सांगितली. पेटी उघडली तेव्हा डांबरगोळीचा वास आला आणि आम्हाला वाटलं आक्का आता झाकण लावतील. त्यांनी लावलं नाही. एक एक साडी काढून चटईवर ठेवली. आमच्यातली कोणी तोंड उघडेना. विचारलं ते सुकन्यानं. "मावशी, ही हिरवी कधीची?"

"डोहाळजेवनाची."

"आन् ही?"

"ही तिनं हट्टानं घेतली. लाल पायजे म्हनून दुकानात बसून राहिली हुती."

रेश्मा दारात खेळत होती. ती आली आणि त्या लाल साडीवर बसून आक्कांना म्हणाली, "आई, तू लाल साडी कधी नेसायचीस?"

"माझी न्हाई बाळा. तुझ्या आईची हाय. पंकजाची."

"पंकजा कोण?"

मायबापहो, मी शिक्षिका आहे. मुलांचे हजार प्रश्न ऐकले. असा प्रश्न पुन्हा कधी ऐकायला लागू नये. आक्कांच्या हातून साडी गळली. पंकजा गेली त्या दिवशी, दहाव्याला, वर्षश्राद्धाला, कधीही न रडलेली ही बाई चटईवर कपाळ टेकून रडली. सुकन्या त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि आक्कांनी तो हात झटकला नाही.

मग आक्का उठून बसल्या, रेश्माला मांडीवर घेतलं आणि सांगायला लागल्या. तुझी आई अशी हसायची. तुझी आई विहिरीत उडी मारून पोहायची. तुझ्या आईला शिवाया येत नव्हतं, पर रंग लई कळायचे. सगळी थंडी आक्का आणि सुकन्या गोधडी शिवत होत्या आणि साडी-साडीला गोष्ट निघत होती. ऐकायला रेश्मा, आणि विचारायला सुकन्या. ज्या बाईला पंकजाचं नाव सगळ्यांत जास्त टोचावं, तिनंच ते त्या घरात पुन्हा आणलं.

एकदा सुकन्याच्या तोंडून 'आई' असं गेलं. आक्का म्हणाल्या, "मावशीच म्हन. आई म्हननारी लेक एकच हुती." सुकन्या "बरं" म्हणाली. तिची आई ती शाळेत असतानाच वारली, हे आम्हाला फार पुढं कळलं.

गोधडी पुरी झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत रेश्मा ती घेऊन नगरला राहायला गेली आणि शाळा सुरू झाल्यावर तिथंच राहिली. कुणी ओढून नेली नाही. आक्कांनीच तिचं बोचकं बांधलं. त्यानंतर भिंतीपलीकडं जी शांतता पसरली, तिच्याबद्दल मी काही बोलणार नाही. आक्का दोन माणसांच्या भाकऱ्या थापायच्या आणि एक माझ्याकडे आणून द्यायच्या. "चुकून झाली," म्हणायच्या. रोज चुकून व्हायची.

आणि आता यंदाची गोष्ट. सुकन्याला दिवस गेले. ती पेढे घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, पहिलं बाळंतपण माहेरात करत्यात. मला माहेर न्हाई. मी हितं येऊ का?"

आक्का म्हणाल्या, "न्हाई."

मुलीचा चेहरा उतरला. ती गेल्यावर मी आक्कांना बोललेच. "आक्का, हे काय केलंत?"

त्या उंबऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "नाजनीन, ह्या उंबऱ्यातनं एक भरल्या पोटाची गेली. दुसरी न्हाई जाऊ देनार." आणि मग माझ्याच मोबाईलवरून त्यांनी सुकन्याला फोन लावायला लावला. "तू हिकडं येऊ नको. मीच येते." तिकडून ती म्हणाली, "आल्यावर परत जाऊ नका, मावशी." आक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि फोनवर "बरं" म्हणाल्या.

म्हणून हा निरोप. आक्कांची गाय लंकाबाईंच्या गोठ्यात गेली. घोडेगावच्या बाजारात नेऊन तिला विकायला आक्कांचा पाय निघाला नाही. सुकन्याला सातवा महिना आहे, डॉक्टरांनी प्रवास करू नको म्हटलंय, म्हणून ती आज आपल्यात नाही.

काल मी आवरायला गेले तर आक्का रिकामं घर सारवत होत्या. मी म्हटलं, "आता कोण राहणार आहे इथं?" त्यांनी हात धुतले आणि माझ्याजवळ येऊन बसल्या. "नाजनीन, मला त्या दवाखान्याच्या दारात परत बसायचंय. बसवंल का माझ्याच्यानं?"

मी म्हटलं, बसवेल. खरं सांगते, मला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही. या सभागृहातले तुम्ही ज्या कुणाला मानत असाल, त्याच्याजवळ त्या पोरीची सुखरूप सुटका मागा. मी पाचही वेळच्या नमाजात मागते आहे.

व्यासपीठावरच्या मान्यवरांचे, ग्रामपंचायतीचे आणि माझं लांबलेलं बोलणं निमूट ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. घरातली गोष्ट मी चारचौघांत आणली. कुठं शब्द जास्त झाला असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर आपल्याच गावची म्हणून पदरात घ्या.

बाहेर टेम्पोत सामान भरून झालंय. टेम्पो वेशीबाहेर पडेपर्यंत कुणी रडायचं नाही, असं आक्कांनी मला तुम्हाला सांगायला सांगितलंय. मी सांगितलं. माझ्याच्यानं पाळणं होत नाही, तेवढं आक्का, तुम्ही माफ करा.