पेपरातले चाळीस

— न्हाई, एक न्हाई, दोन पंक्चर हायेत. बुडबुडं बघा की, हितनं बी निघाय लागलेत. पारनेरात भाड्याची सायकल घेतली म्हंजी असंच व्हतं. बसा त्या खोक्यावर. घाई करून भागायचं न्हाई, सोलुशन वाळाय येळ लागतो. अन् काय म्हनला तुमी — भामाबाईचं घर? कशापायी? ती तं गेली, वरीस झालं जाऊन. घराला कुलूप हाय. ... ठावं हाय तुमाला? मंग ठावं असून कशाला इचारता? पेपरवाले न्हाई ना तुमी? खरं सांगा. पिशवीत काय हाय, वही का? सरकारी असाल तं तसं सांगा, मी काय घाबरत न्हाई, माझं काय त्यात? पर ह्या गावानं पेपरवाल्यांचं लई सोसलंय, म्हनून इचारलं. नवा मानूस दिसला का आधी हात बघतो मी — शाई लागलीया का बोटाला.

सांगतो. न सांगाय काय झालं? सगळ्या गावाला ठावं हाय. मागल्या उन्हाळ्यातली गोष्ट, दुष्काळाचं साल. अख्खं गाव खडी फोडाय जायचं, पोरान्ला सरकारची सुकडी मिळायची, भाकर मिलोची, त्या परदेशी तांबड्या जवारीची. भामाबाई बी जायची. नवरा मागंच वारलेला, एक लेक — पुष्पी, आठ-नऊ वर्साची. चार दिस भावाकडं गेल्ती पुनतांब्याला, अन् माघारी आली तं पोरीच्या अंगावर फोड. हितंच उतरल्या गाडीतनं. पोरीनं पानी मागितलं, मी तांब्या दिला, अन् मंग बघितलं — गालावर, मानंवर, हातावर. म्हनलं, भामाबाई, हे काय? ती म्हनली, कांजिन्या असतील दादा, भावाच्या शेजारच्या पोरान्ला बी आल्यात. असतील म्हनली. असतील! आता मी काय डागदर हाय का? मला काय कळनार, कांजिन्या का देवी?

अन् मंग बेस्तरवारी पेपरात आलं. ‘पारनेर तालुक्यात देवीचे थैमान. चाळीस जणांना लागण. ग्रामस्थ भयभीत.’ ... शब्द न् शब्द पाठ हाय, व्हय. पाठ असनारच की. नगरचा पेपर एस्टीनं येतो, गठ्ठा माझ्याच दुकानात पडतो, अन् निम्म्या गावाला वाचता येत न्हाई, तं मीच वाचून दावतो. आधी पाच पेपर यायचे. त्या हप्त्यात पन्नास आले तरी पुरंनात. वाचता न येनारे बी घिऊन गेले — घरात ठिवाय.

आता गंमत बघा. गंमत न्हाई म्हना, पर बघा. चाळीस म्हनल्यावर जो तो मोजाय लागला. वरच्या आळीला वाटायचं, चाळीस खालच्या आळीत हायेत. खालच्या आळीला वाटायचं, वरच्या आळीनं लपवून ठिवलेत. कुनी खोकलं का दार लागायचं. कुनाचं पोरगं दोन दिस दिसलं न्हाई का झालंच — त्याला बी आल्या! दुसऱ्या दिशी पेपरात साठ आलं. तिसऱ्या दिशी ‘दोघे अत्यवस्थ’. कोन दोघं? ठावं न्हाई. पर असतील की, छापलंय म्हंजी. एस्टी थांबायची बंद झाली, डायवर हात हालवून धुरळा उडवीत निघून जायचा. शेजारच्या गावानं रस्त्यावर बाभळीचे काटेरी फास टाकले. कामावर मुकादम म्हनला, तुमच्या गावचं एक मानूस नको. पोटावरच पाय आला. अन् मंग मानसं शोधाय लागली — आनलं कुनी? अन् गावात खरोखरचे फोड आलेलं मानूस एकच हुतं.

आप्पासाहेब सरपंच काय वाईट न्हाईत. पर दारात शंभर मानूस उभं ऱ्हायल्यावर काय करतील? भामाबाईला अन् पोरीला वढ्याकडंच्या खोपीत धाडलं. ती काय भांडली न्हाई. पोरीला गोधडीत गुंडाळून, पाठीवर घिऊन गेली. इहिरीवर यायची बंदी. एकच इहीर हुती पान्याची, तीबी तळाला गेलेली. मंग ठरलं का रोज एक घागर बाभळीखाली न्हिऊन ठिवायची, लांबनं हाक मारायची अन् माघारी फिरायचं. मलाच सांगितलं. मला दोनदा टोचलेलं हाय ना, हे बघा दंडावर. नेली मी. पाच दिस नेली. ती लांबूनच म्हनायची, गोरक्षदादा, देव तुमचं भलं करो.

सहाव्या दिशी पेपरात आलं — भांड्यांवरनं, कापडांवरनं बी हा रोग जातो. मी चौकात वाचून दावलं. माझी बायको म्हनली, तुमी ती घागर हातानं माघारी आनता. ... न्हाई गेलो. त्या दिशी न्हाई गेलो. दुसऱ्या दिशी बी न्हाई. कुनीतरी जाईल असं वाटलं. वैशाखाचं ऊन, खोपीवर धड पाचोळा बी न्हाई. तिसऱ्या दिशी भर दुपारी ती सोताच आली घागर घिऊन. इहिरीवर बाया हुत्या, त्या वरडल्या, मानसं पळत आली, कुनी ढेकळं मारली, कुनी दगूड. ती म्हनली, पोरीची जीभ कोरडी पडलीया, एकच घागर द्या अन् मी जाते. अन् कुनी द्यायच्या आधीच पायऱ्या उतराय लागली. वरनं कुनीतरी दगूड मारला, तिनं वर बघितलं — माझ्याकडं बघितलं तिनं — अन् पाय घसरला. पान्यात न्हाई पडली हो, पानी कुठं हुतं? खडकावर पडली. हाक मारीत हुती. अर्धा घंटा. खाली उतरंना कुनी. हात कोन लावनार? ... मी? मी न्हवतो तिथं. मी दुकानात हुतो. बायांनी सांगितलं मला. ... माझ्याकडं बघितलं असं म्हनलो मी? तसं बोलाय येतं मानसाच्या तोंडात.

ती गेल्यावर तिसऱ्या दिशी नगरहून डागदर आले जीप घिऊन. पोरीला बघितलं, हासले. कांजिन्या म्हनले, खपल्या बी धरल्यात. मंग घरोघर हिंडले, पोरंसोरं, म्हातारी-कोतारी, समदी बघितली. चाळीस न्हाई, साठ न्हाई. एक. सगळ्या गावात एक, अन् तीबी कांजिन्यांची. हे पेपरात आलं का? न्हाई आलं. काय आलं? ‘देवीचा पहिला बळी.’ तिचं नाव, वय, गाव. आता ‘बळी’ हे मी लिहिलं न्हवतं. मी येवढंच लिहिलं का भामाबाई अमुक दिशी वारली, देवीचा ‘दे’ बी न्हवता त्यात —

लिहिलं म्हंजी... वाचलं. वाचलं म्हनायचं हुतं मला.

असं काय बघता? सोलुशन वाळलं, थांबा, चिटकवू द्या. ... कुठनं आलाय म्हनला तुमी? पुनतांब्याहून? ... रंभाजी का? तुमी रंभाजी, तिचे भाऊ? मंग आधी न्हाई का सांगायचं, पाव्हनं! मानूस कुनापुढं काय बोलतोय ते त्याला कळाय नको? गुपचूप बसून ऐकत ऱ्हायलात. हे बरं न्हाई केलं तुमी.

बरं, ऐका. पैल्या बातमीचं कारड मीच टाकलं. पेपरवाल्यांनी सांगून ठिवलं हुतं, गावातलं काय असलं तं कळवत जा, ‘आमच्या वार्ताहराकडून’ म्हनून छापू. आजवर मी चार कारडं टाकली हुती — बैल चोरीला गेला, गारा पडल्या — येक बी छापलं न्हाई. ह्या खेपेला लिहिलं, एका मुलीच्या अंगावर फोड आलेत, देवी असाव्यात. एका मुलीच्या! येक! चाळीस त्यांनी केले, माझ्या बापाशप्पथ. अन् तुमाला खोटं वाटंल, पर पेपर उघडला अन् चाळीस वाचलं तवा मलाच घाम फुटला. मीच येक लिहिलेला मानूस, अन् मीच रातभर बायकोला इचारतो, बाकीचे एकोनचाळीस कोन गं? मला वाटलं, त्यान्ला जास्ती ठावं असंल. नगरात बसून त्यान्ला जास्ती कळत असंल. म्हनून तं घागर न्हेली न्हाई मी. खरंच भ्यालो हुतो, दादा. खोटं भ्यालो न्हवतो.

पुष्पी कशी हाय? तुमच्याकडंच ऱ्हाती ना? ... साळंत भाहेर बसवत्यात? वट्ट्यावर? अजून? कुनीतरी त्यो पेपर जपून ठिवलाय म्हनता, मास्तरला दावला. ... देवीनं मेलेल्या बाईची पोर म्हनून. ... मंग डागदरचा कागूद दावा की. ... दावला? तरी?

मी? मी येऊन काय करनार? चार लोकांपुढं काय सांगू — का मीच ते कारड टाकलं, अन् घागर बी बंद केली? अन् हे समदं हितं माघारी कळल्यावर? मला पोरंबाळं हायेत. तुमच्या गावात मला कोन वळखतं, माझं कोन ऐकतंय? छापील सोडून मानसाचं ऐकतंय का कुनी? ... न्हाई, दुकान सोडून न्हाई यायचं मला. न्हाई म्हनलं ना.

हे घ्या, चाक बसलं. हवा भरली. चारची गाडी हाय पारनेरहून, आता निघाला तं गावंल. उठा.

... उठा की. बसून काय व्हनार?

... बरं, बसा. बसा मंग किती बसायचं ते. पर मी आता एक सबूद बोलनार न्हाई.