सात चौकटी

सरकारी कचेरीच्या खिडकीसमोरच्या रांगेत पुढे उभ्या आजोबा-नातीचं बोलणं ऐकायचा मागे उभ्या, प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईंचा इरादा नव्हता. पण आजोबांच्या काखेतली गावाच्या नावाची जुनी पाटी त्यांच्या कोपराला टोचत होती.

“आजोबा, साहेब म्हणतात, गावाच्या इंग्रजी नावात आठ अक्षरं हवीत. पणजोबांची फळी अपुरी पडली, म्हणून सातच रंगवली. आता नवी पाटी आठांची लागणार.”

“अपुरी? उजवीकडे वीतभर जागा उरलीय, ती काय हवा खायला?”

“मग विसरले असतील, म्हणे.”

“पाटी उन्हात तिरकी धर. रंगाखाली काय दिसतं?”

“पेन्सिलीच्या चौकटी.”

“रंगारी आधी अक्षरं ठरवतो, तितक्या चौकटी आखतो, मगच ब्रश उचलतो. मोज.”

“सात.”

“आठवं अक्षर कुण्या सरदाराच्या नावातलं, साहेबांच्या पुस्तकातलं. आपल्या गावाचं नाव नदीच्या उतारावरून पडलंय. माझ्या बापानं ऐकलं तसं लिहिलं.”

बाईंनी चौकटी मनात मोजल्या. मग पुन्हा, उलट्या बाजूने.

“पुढचे! पुरावा आणलाय?” खिडकीतून आवाज आला.

“आणलाय, साहेब,” नात म्हणाली. “पण तो बघायला तुम्हाला बाहेर उन्हात यावं लागेल.”